डिस्कवर नवं, चालतंय जुनंच

तंजावरच्या भातपट्ट्यात कुरुवै भाताची कापणी आणि ईशान्येचा पाऊस बहुतेक वर्षी एकाच सुमाराला येतात. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला कावेरीत सोडायचा रिवाज आहे. ते वेळेवर सुटलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात भात पिकून उभं राहतं आणि नेमका तेव्हाच पावसाचा हंगाम सुरू होतो. शेतकरी झोडलेलं भात रस्त्याच्या कडेला पसरतात, सर आली की ताडपत्री ओढतात, ऊन पडलं की पुन्हा पसरतात. सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १७ टक्के. त्यावर एक टक्का गेला तरी माल अडतो. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं तमिळनाडूसाठी ही मर्यादा १९ टक्क्यांपर्यंत शिथिल केली.

सरकारी खरेदीचं भात भरडून तांदूळ करून देणाऱ्या एका खासगी गिरणीच्या सॉफ्टवेअरमध्येही तो आकडा बदलायचा होता. फाटकावर लॉरी आली की कारकून वजन, पोत्यांची संख्या आणि मीटरवर दिसलेला ओलावा वेब ॲपमध्ये भरतो. ओलावा मर्यादेत असेल तर पावती निघते, नसेल तर पडद्यावर लाल पट्टी येते. ॲप तंजावरातल्याच एका छोट्या कार्यालयात लिहिलेलं. १७ च्या जागी १९ घालून दुपारी नवा कोड सर्व्हरवर चढवला, म्हणजे त्यांच्या भाषेत डिप्लॉय केला. स्क्रिप्ट कुठेही न अडखळता पूर्ण झाली. तासाभरात गिरणीतून फोन आला. १८ टक्के ओलाव्याची एक लॉरी ॲपनं नाकारली होती. कारकुनानं तेच आकडे पुन्हा भरले, तर पावती निघाली. पुढच्या लॉरीची पहिल्याच खेपेला निघाली. त्यानंतरची दोनदा नाकारली गेली.

हा प्रसंग मला त्या कार्यालयातल्या दोघांनी सांगितला. त्यांची आणि गिरणीची नावं इथे देत नाही. थोरल्यांचं घराणं मराठेशाहीपासून तंजावरातलं. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमाराला इथे राज्य स्थापलं, १८५५ मध्ये कंपनी सरकारनं ते खालसा केलं, पण घरातली मराठी राहिली. ते तमिळ लिहितात-वाचतात आणि मराठी बोलतात. धाकटा पट्टुक्कोट्टैकडचा, तमिळ, कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस न झालेला. तो त्यांना ‘अण्णा’ म्हणतो, ते त्याला ‘तंबी’ म्हणतात. काम दोघं बरोबरीनं करतात.

फोन तंबीनं घेतला होता आणि त्यानं कारकुनाला सांगितलं की पान रिफ्रेश करा, ब्राउझरची कॅशे साफ करा. कारकुनानं ते केलं. कॅशे साफ केल्यावर पावती निघाली, म्हणून दुखणं तिथेच होतं असं सगळ्यांना वाटलं. दहा मिनिटांनी पुन्हा लाल पट्टी. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला आधी त्याच्याच यंत्राचा दोष सांगायचा ही सवय या धंद्यात खोल रुजलेली आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत घातक आहे. फाटकावर लॉरी उभी आहे, मागे रांग आहे, आभाळ भरलेलं आहे. अशा वेळी कारकुनाला कॅशे साफ करायला लावणं म्हणजे आपल्या घरातली शोधाशोध त्याच्या गळ्यात घालणं. कधी कधी दोष खरोखर ब्राउझरात असतो. पण तो तिथे आहे हे म्हणण्याआधी सर्व्हर तपासलेला असला पाहिजे.

अण्णांनी विचारलेला पहिला प्रश्न वेगळा होता. उत्तर कुणी दिलं? म्हणजे सर्व्हरवरच्या कोणत्या प्रोसेसनं?

सर्व्हरवर प्रोग्रॅम आणि प्रोसेस या दोन निराळ्या गोष्टी असतात. प्रोग्रॅम म्हणजे डिस्कवर पडून असलेल्या फाइली. प्रोसेस म्हणजे त्या फाइली वाचून, मेमरीत घेऊन प्रत्यक्ष काम करणारी चालती गोष्ट. पायथनमध्ये लिहिलेलं ॲप सुरू होताना आपले मोड्यूल एकदाच वाचतं आणि पुढे मेमरीतल्या प्रतीवर चालतं. मागे डिस्कवरची फाइल बदलली तरी त्याला पत्ता नसतो. तंजावरच्या मराठी कीर्तनातून तमिळ हरिकथा घडली, म्हणून इथल्याच कीर्तनकाराचं उदाहरण घेतो. त्यानं पोथी वाचून आख्यान मुखोद्गत केलं. नंतर मठात कुणी त्या पोथीतला एक चुकीचा पाठ हरताळ लावून सुधारला. कीर्तनकार पोथी पुन्हा उघडत नाही तोवर जुनाच पाठ म्हणणार आणि तेही न अडखळता. श्रोत्यांना चूक कळली तरी ती पोथीत शोधून सापडणार नाही, कारण पोथी आता बरोबर आहे.

युनिक्सच्या घडणीत ही गोष्ट आणखी खोलवर आहे. तिथे फाइलचं नाव आणि फाइलचा मजकूर वेगवेगळे ठेवलेले असतात. नाव पुसलं तरी एखादी प्रोसेस तो मजकूर उघडून बसली असेल तोवर तो डिस्कवरून जात नाही. लिनक्सवर चालू प्रोसेसची मूळ फाइल पुसून पाहिली तर यंत्रणा तिच्या नावापुढे ‘डिलिटेड’ असा शेरा दाखवते, आणि प्रोसेस चालतच राहते. याला दोष म्हणू नये. चालू यंत्रणा बंद न पाडता तिच्याखालच्या फाइली बदलता याव्यात यासाठीच ही सोय आहे, आणि तिच्याच जोरावर कित्येक सर्व्हर महिनोन्महिने न थांबता चालतात. त्याची किंमत एवढीच की फाइल बदलणं आणि वागणूक बदलणं ही दोन कामं होतात, आणि दुसरं काम करायचं राहून जाऊ शकतं.

अण्णांनी तपास ज्या क्रमानं केला तो क्रम महत्त्वाचा आहे. त्यांनी कोड उघडला नाही. कोड बरोबर असल्याचं तंबी शपथेवर सांगत होता आणि ते खरंही होतं. त्यांनी आधी ‘पीएस’ ही आज्ञा दिली, प्रत्येक प्रोसेसच्या सुरुवातीची तारीख आणि वेळ दिसेल अशा तऱ्हेनं. डिप्लॉय झाला दुपारी. तेव्हा त्या ॲपची जी प्रोसेस दुपारच्या आधी जन्मलेली दिसेल ती संशयित, मग तिच्याविषयी बाकी काही माहीत असो वा नसो. यादीत ॲपची दोन कुटुंबं निघाली. एक मूळ प्रोसेस आणि तिचे कामकरी वर्कर त्याच दुपारी सुरू झालेले. दुसरी मूळ प्रोसेस आणि तिचे वर्कर जानेवारीत सुरू झालेले.

मग ‘एसएस’ या आज्ञेनं कोणती प्रोसेस कोणत्या पोर्टवर ऐकत बसली आहे ते पाहिलं. नवं कुटुंब ८००० वर होतं, जुनं ८००१ वर. नंतर ‘प्रोक’ या फोल्डरात, जिथे लिनक्स प्रत्येक चालू प्रोसेसची कुंडली मांडून ठेवतं, जुन्या प्रोसेसचं चालू फोल्डर कोणतं ते पाहिलं. डिप्लॉयची स्क्रिप्ट दर वेळी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करते आणि ‘करंट’ नावाची खूण त्याच्याकडे वळवते. जुन्या प्रोसेसचं फोल्डर जानेवारीच्या तारखेचं निघालं. खूण कितीदा वळली तरी ती प्रोसेस जिथे जन्मली तिथेच होती. शेवटी एनजिनएक्स या पुढच्या दारावरच्या सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल उघडली. येणाऱ्या विनंत्या पुढे पाठवण्यासाठी तिथे दोन पत्ते लिहिलेले होते, ८००० आणि ८००१. काही वेगळं सांगितलेलं नसेल तर एनजिनएक्स अशा पत्त्यांना आळीपाळीनं काम वाटतो. कधी १७ तर कधी १९ का, याचं उत्तर त्या दोन ओळींत होतं.

जानेवारीत काय झालं होतं तेही मग उलगडलं. जानेवारी-फेब्रुवारी हा सांबा भाताच्या सुगीचा काळ. त्या गर्दीत ॲप मंदावलं, तेव्हा कार्यालयातल्या एकानं रात्री सर्व्हरवर लॉगिन करून ॲपची दुसरी प्रत हातानं सुरू केली. आपण बाहेर पडलो तरी ती बंद पडू नये म्हणून ‘नोहप’ लावलं, एनजिनएक्सच्या फाइलीत एक ओळ वाढवली आणि गिरणीचं काम वाचवलं. पुढे तो नोकरी बदलून चेन्नैला गेला. डिप्लॉयच्या स्क्रिप्टला फक्त सिस्टिमडीखाली, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेखाली, नोंदलेली सेवा माहीत होती. ती तेवढीच रीस्टार्ट करत राहिली आणि दर वेळी खरंच यशस्वी होत राहिली. मधल्या महिन्यांतले बदल किरकोळ होते, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आले नाहीत. आकडा बदलला तेव्हा ते उघडं पडलं.

त्या रात्री दुसरी प्रत सुरू करणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्यानं केलं ते त्या वेळी योग्यच होतं. राहिलं ते एवढंच की हातानं सुरू केलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नोंदलेल्या सेवेत आणायला हवी होती. आणि ते त्या एकट्याचं काम नव्हतं.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल की ओलाव्याची मर्यादा मुळात कोडमध्ये का लिहावी, डेटाबेसमध्ये का नाही? प्रश्न रास्त आहे. सरकारी आदेशानं बदलणारे आकडे कोडच्या बाहेर असावेत. पण एवढ्यानं सुटका होत नाही. कित्येक ॲप्स अशा सेटिंग्ज सुरू होतानाच एकदा वाचतात आणि दर वेळी डेटाबेसला विचारायचा वेळ वाचावा म्हणून मेमरीत धरून ठेवतात. मग डेटाबेसमध्ये १९ आणि प्रोसेसच्या मनात १७, अशी तीच गत होते.

या जातीच्या घोळाची एक फार महाग नोंद न्यू यॉर्कची आहे. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअरबाजारात मोठी उलाढाल करणारी दलाल कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू यॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी कंपनीनं ऑर्डरी बाजारात पाठवणाऱ्या आपल्या यंत्रणेत नवा कोड घातला. २७ जुलैपासून तो टप्प्याटप्प्यानं सर्व्हरवर चढवला जात होता. सर्व्हर होते आठ. सातांवर चढला, आठव्यावर कॉपी करायचा राहिला. दुसऱ्या कुणी तपासायचं असा लेखी नियम नव्हता, म्हणून कुणी तपासलं नाही.

आठव्या सर्व्हरवर जो जुना कोड होता त्यात ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग होता. तो वापरायचं कंपनीनं २००३ मध्येच बंद केलं होतं, पण तो काढून टाकला नव्हता. २००५ मध्ये, ऑर्डर पूर्ण झाली की थांब असं सांगणारा मोजणीचा भाग कोडमध्ये दुसरीकडे हलवला गेला, आणि त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का हे कुणी पाहिलं नाही. नव्या योजनेच्या कोडनं नेमकी तीच खूण पुन्हा वापरली जी पूर्वी पॉवर पेग चालू करायची. सकाळी साडेनऊला बाजार उघडला. सात सर्व्हरांनी त्या खुणेचा नवा अर्थ घेतला, आठव्यानं जुना. पॉवर पेगच्या तावडीत आलेल्या २१२ लहान ऑर्डरींवर तो थांबायचं माहीत नसल्यासारखा खरेदी-विक्री करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांवर व्यवहार झाले, ३९ कोटी ७० लाखांहून जास्त शेअरांची उलाढाल झाली. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर.

मला त्यातली सर्वांत बोलकी वाटते ती पुढची कृती. गडबड कळल्यावर तिथल्या मंडळींना वाटलं की दोष नव्या कोडमध्ये आहे, म्हणून त्यांनी नीट चालणाऱ्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढून टाकला. आता आठही सर्व्हर जुन्यावर आले आणि आग वाढली. कोणत्या यंत्रावर काय चालू आहे हे न पाहता केलेला उपाय होता तो. बाजार उघडण्याआधी कंपनीच्या यंत्रणेनं स्वतःहून ९७ ईमेल पाठवून पॉवर पेगचा उल्लेख असलेली एक त्रुटी कळवली होती, पण त्या ईमेलांकडे इशारा म्हणून पाहायची पद्धत नव्हती. अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकानं १६ ऑक्टोबर २०१३ रोजी कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. तोवर तिचं गेटको या कंपनीशी विलीनीकरण झालं होतं.

तंजावरच्या गिरणीत दोनांपैकी एक, न्यू यॉर्कमध्ये आठांपैकी एक. तिथे आठव्या यंत्राच्या डिस्कवरच जुना कोड होता, इथे तो मेमरीत आणि जुन्या फोल्डरात होता. पण दोन्हीकडे लोकांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता की आपण बदल केला म्हणजे बदल झाला.

सुरक्षेच्या बाबतीत हाच प्रकार अधिक धोक्याचा होतो. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड नावाची फट जाहीर झाली. वेबवरचा मजकूर कुलूपबंद करून पाठवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी त्या वेळी जगातल्या बहुसंख्य सर्व्हरांवर होती. तिच्या १.०.१ मालिकेत अशी चूक होती की बाहेरचा कुणीही एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर वाचू शकत होता, अगदी पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली. पण लायब्ररीची फाइल बदलून थांबणाऱ्याला संरक्षण मिळालं नाही, कारण आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर जुनी लायब्ररी मेमरीत घेऊन बसलेला होता. तपासणीत पॅकेजची आवृत्ती नवी दिसायची आणि फट उघडीच असायची. पॅकेज अद्ययावत केल्यावर कोणत्या प्रोसेस अजून पुसलेली लायब्ररी धरून आहेत ते दाखवणारी ‘नीडरीस्टार्ट’सारखी साधनं म्हणूनच मोलाची आहेत. ती बहुतेक लिनक्स वितरणांत फुकट मिळतात.

वेब ॲपच्या प्रत्येक घराण्यात हे दुखणं निराळ्या वेषात येतं. पीएचपीमध्ये ऑपकॅशे वाचलेल्या फाइली मेमरीत ठेवतं. वेग वाढावा म्हणून ‘फाइल बदलली का ते पाहू नकोस’ अशी सेटिंग केली असेल तर रीस्टार्ट होईपर्यंत नवी फाइल त्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसते. पायथनच्या गनीकॉर्नला ‘हप’ संकेत दिला की तो सहसा नव्या कोडचे वर्कर उभे करतो, पण ॲप आधीच मूळ प्रोसेसमध्ये वाचून ठेवायची ‘प्रीलोड’ सोय चालू असेल तर नवे वर्करही जुनाच कोड घेऊन जन्मतात. वेळ पाहिली तर ते ताजे दिसतात, म्हणून हा प्रकार फार फसवा. अशा वेळी वर्करची नव्हे, मूळ प्रोसेसची तारीख पाहायची. डॉकरमध्ये ‘लेटेस्ट’ नावाची इमेज नवी आली तरी चालू कंटेनर आपण होऊन बदलत नाही. एनजिनएक्स रीलोड केल्यावर जुने वर्कर हातातली जोडणी संपेपर्यंत जिवंत राहतात, आणि दिवसभर उघडी राहणारी वेबसॉकेट जोडणी असेल तर तेही दिवसभर राहतात.

सगळ्यात जास्त वेळा विसरले जातात ते मागच्या खोलीतले कामगार: ईमेल पाठवणारे, पीडीएफ बनवणारे, रात्रीचा हिशेब करणारे सेलरीसारखे वर्कर. पुढचं पान नवं झालेलं दिसतं म्हणून सगळे निश्चिंत होतात आणि रात्री जुन्या नियमानं पावत्या जातात. त्या गिरणीच्या ॲपमध्येही असा एक वर्कर होता. अण्णांनी तोही त्याच दिवशी तपासला, आणि तो नवा निघाला.

एक उलटा प्रकारही सांगायला हवा. कधी नवी प्रोसेस सुरूच होत नाही. जुनीनं पोर्ट सोडलेला नसतो. नवी येते, ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ एवढं लॉगमध्ये लिहिते आणि मरते. डिप्लॉयची स्क्रिप्ट तिला सुरू करून लगेच पुढे गेलेली असते, त्यामुळे तिच्या दृष्टीनं काम फत्ते. साइट चालू आहे, पण जुन्या प्रोसेसवर. लॉगमधली ती एक ओळ वाचली असती तर शोधाशोध वाचली असती.

जुनी प्रोसेस सापडली की पहिली ऊर्मी येते ती ‘किल मायनस नाइन’ मारायची. तंबीचं बोट तिथेच गेलं होतं. अण्णांनी थांबवलं, आणि त्यांनी थांबवलं याचं मला महत्त्व वाटतं. ९ क्रमांकाचा संकेत प्रोसेसपर्यंत पोचतच नाही. कर्नल तिला जागच्या जागी संपवतं. त्या क्षणी ती एखाद्या लॉरीची पावती लिहीत असेल, वजन नोंदून झालं असेल आणि पोत्यांची नोंद व्हायची असेल, तर ती अर्धवटच राहते. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन नीट लिहिलेलं असेल तर तिथलं अर्धवट काम मागे फिरतं. पण छापायला गेलेली पावती किंवा बाहेर पाठवलेला संदेश मागे फिरत नाही. १५ क्रमांकाचा संकेत प्रोसेसला सांगतो की हातातलं काम संपव, नवीन घेऊ नकोस, मग जा. सिस्टिमडी आधी हाच संकेत देतं, वेगळं सांगितलं नसेल तर ९० सेकंद वाट पाहतं, आणि मगच ९ वापरतं.

अण्णांनी आधी एनजिनएक्समधून ८००१ ची ओळ काढली, फाइलीत चूक नाही ना ते तपासून एनजिनएक्स रीलोड केला, नवी विनंती तिकडे जाईनाशी झाल्याचं लॉगमध्ये पाहिलं, आणि मग जुन्या मूळ प्रोसेसला १५ दिला. ती आपल्या वर्करांना घेऊन शांतपणे गेली. दुसरी प्रत खरंच लागते हे गर्दीनं सिद्ध केलं होतं, म्हणून ८००१ वरची प्रत त्यांनी नंतर नोंदलेली सेवा म्हणून पुन्हा उभी केली, आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही सेवांची नावं घातली.

सगळा सर्व्हरच बंद करून चालू करावा, असं गिरणीचे मालक सुचवत होते. अनेक ठिकाणी तेच करतात आणि बहुधा जमतंही. मला तो मार्ग पटत नाही, कारण त्यानं पुरावा पुसला जातो. रीबूटनंतर जानेवारीची प्रोसेस गेली असती, ८००१ वर कुणीच उरलं नसतं, आणि एनजिनएक्स अधूनमधून एखादी विनंती त्या बंद दारावर ठोकून मग पहिल्याकडे वळत राहिला असता. काम चाललं असतं. का चाललं हे कुणाला कळलं नसतं, आणि पुढच्या सांबाच्या गर्दीत कुणी तरी पुन्हा नोहप लावून दुसरी प्रत उठवली असती. काही ठिकाणी तर क्रॉनमध्ये ‘रीबूट झाल्यावर हे सुरू कर’ अशी जुनी ओळ असते आणि प्रत्येक रीबूटबरोबर जुनं फोल्डर जिवंत होऊन येतं. वीज गेली आणि आली की दुखणं परततं, म्हणून लोक विजेला दोष देतात.

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंती यासंदर्भात मला फार जवळच्या वाटतात. राजराज चोळाचे तिथले लेख आपली वेळ सांगतात. विमानाच्या शिखरासाठी सोन्याचा पत्रा चढवलेला कळस त्यानं कधी दिला, तर राज्याच्या २५ व्या वर्षाच्या २७५ व्या दिवशी, असं कोरलेलं आहे, म्हणजे १०१० साली. त्याच देवळात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळचा भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे, तो १८०३ चा. मध्ये जवळजवळ आठशे वर्षं, तरी कोणता लेख कोणत्या राजवटीतला याचा घोळ वाचणाऱ्याचा होत नाही, कारण लेख स्वतःच ते सांगतो.

चालत्या सॉफ्टवेअरनंही एवढं करावं. ॲपमध्ये एक साधं पान असावं. ते उघडलं की उत्तर देणारी प्रोसेस आपली आवृत्ती, कोडच्या कमिटचा क्रमांक, आपली सुरुवातीची वेळ आणि आपण कोणत्या यंत्रावर कोणत्या पोर्टवर आहोत ते सांगेल. एक अट आहे: आवृत्ती प्रोसेसनं जन्मताना वाचून मेमरीत ठेवलेली असावी. पान उघडल्यावर डिस्कवरून वाचली तर जुनी प्रोसेसही नवा क्रमांक सांगेल, आणि मग ते पान नसलेलं बरं. हे पान लिहायला दहा-वीस ओळी लागतात. लॉगच्या प्रत्येक ओळीतही वेळेसोबत प्रोसेसचा क्रमांक आणि आवृत्ती असावी, म्हणजे कुणी कोणतं उत्तर दिलं ते मागाहूनही वाचता येतं.

आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्टनं फाइली टाकून रीस्टार्टची आज्ञा दिली की काम संपलं असं मानू नये. तिनं प्रत्येक पत्त्यावर ते पान उघडून पाहावं आणि सगळ्यांकडून नवा क्रमांक आला तरच ‘झालं’ म्हणावं. पत्त्यांची यादी तिनं एनजिनएक्सच्या फाइलीतून घ्यावी, माणसाच्या आठवणीतून नव्हे. अण्णा-तंबींनी हे दोन्ही केलं. पान तंबीनं लिहिलं. आता गिरणीतून काही विचित्र कळलं की तो कारकुनाला कॅशेविषयी काही बोलत नाही, आधी ते पान काही वेळा उघडून पाहतो.

तंजावरात सप्टेंबर २०२४ मध्ये मिनी टायडेल पार्क हे आयटी संकुल सुरू झालं. ज्या कामासाठी इथली मुलं चेन्नै-बेंगळुरूला जात होती त्यातलं थोडं इथे येईल अशी आशा आहे. पण गिरण्या, पतसंस्था, दवाखाने, शाळा यांची सॉफ्टवेअर या मोठ्या इमारतींत क्वचितच घडतात. ती तीन-चार माणसांच्या कार्यालयांत घडतात, मग ते कार्यालय तंजावरात असो, सांगलीत असो की लातुरात. तिथे रात्री जागून सर्व्हर सांभाळणारी माणसं हुशार आहेत आणि कष्टाळूही. त्यांच्याकडे उणीव आहे ती वेळेची, आणि असं पान लिहायला वेळ द्या असं म्हणणाऱ्या ग्राहकाची.

म्हणून हे ग्राहकांनाही सांगायचं आहे. तुमच्या दुकानाचं, संस्थेचं, गिरणीचं ॲप ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा विचारा: आत्ता कोणती आवृत्ती चालू आहे हे ॲप स्वतः सांगतं का, आणि सगळ्या प्रती एकच उत्तर देतात का? उत्तर लगेच मिळालं नाही तर पुढच्या बदलाआधी ते पान करून मागा, आणि त्याचे पैसे द्या.